सकाळचा अर्धा तास आणि स्वतःचं ताट

चौथा_मजला (डोंबिवली)

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन ९.२, ड जीवनसत्त्व कमी. वय ४६, वजन ६२. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि निघताना म्हणाले, "योगासनं करा, पौष्टिक खा." दोन्ही मनापासून करायची तयारी आहे, पण कुठे बसवू ते कळत नाहीये.

पाचला दहा कमी असताना गजर होतो. तीन डबे, सासूबाईंचा नाश्ता, पाणी भरणं, मग ७:१२ ची लोकल. घरी यायला संध्याकाळचे पावणेआठ. गजर आणखी अलीकडे ओढला तर सकाळी कसाबसा अर्धा तास निघेल. खाली बसून उठताना गुडघे कुरकुरतात. आम्ही शाकाहारी, घरात अंडंही चालत नाही. डबाबंद पावडरी परवडतही नाहीत आणि आवडतही नाहीत.

त्या अर्ध्या तासात काय करावं? आणि पौष्टिक म्हणजे नेमकं काय वाढवू, काय कमी करू? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

सुलूमावशी

बाई गं, पहिली गोष्ट म्हणजे गजर अलीकडे ओढू नकोस. झोप कापून केलेला योगाभ्यास अंगी लागत नाही. एखादं काम कमी करून वेळ काढ.

मी २२ वर्षं आमच्या कॉलनीत बायकांचा वर्ग घेते. तुझ्यासारखीला मी आधी वीस मिनिटंच देते. उभ्याने ताडासन, भिंतीला हात टेकून अर्धं वाकणं. मग सतरंजीवर मार्जारासन (गुडघ्याखाली घडी घातलेली चादर घ्यायची), भुजंगासन, सेतुबंधासन. शेवटी पाय भिंतीला लावून पाच मिनिटं पडून राहायचं आणि त्यानंतर शवासन. प्रत्येक आसनात पाच-सहा श्वास, बस. श्वास अडकला की समजायचं, आपण जास्त ताणतोय.

सकाळी जमलंच नाही तर संध्याकाळी कर, पण पोट रिकामं हवं. पूर्ण जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यायचे. जेवल्यावर लगेच चालतं ते वज्रासन, आणि गुडघे दुखत असतील तर तेही नको.

---

कृष्णाकाठ (सातारा)

सूर्यनमस्कार घाला. जागा सतरंजीएवढी लागते, साधन काही नाही, आणि सगळं अंग हलतं. आमच्याकडचं औंध संस्थान त्यासाठीच ओळखलं जायचं. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज घालायचे आणि संस्थानच्या शाळांमधून त्यांनी मुलामुलींना घालायला लावले. माझी आजी त्याच भागातल्या शाळेतली. सत्तरी उलटल्यावरही रथसप्तमीला बारा घालायची, नऊवारीचा काष्टा खोचून.

---

वैद्यकीय_वही

थोडं थांबून वाचा, कारण ९.२ हा आकडा सोडून देण्यासारखा नाही. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीमध्ये १२ च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. ४६ व्या वर्षी पहिला प्रश्न हा, की रक्त कमी का झालं. पाळीत जास्त जातंय का? किती दिवस जातंय? हे तुमच्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा. बायका हे सांगतच नाहीत, "असं चालायचंच" म्हणून.

गोळ्या चालू ठेवा. बीट, खजूर, गूळ खाऊन ९ चं १२ होत नाही. गुळात लोह असतं, पण आपण जेवढा गूळ खातो तेवढ्यातून फार काही मिळत नाही. लोहाची गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम. शौचाला काळं होतं, घाबरू नका.

आणि कृष्णाकाठ, तुमच्या आजींना नमस्कार, पण इतकं रक्त कमी असताना पहिल्याच आठवड्यात बारा नमस्कार नकोत. धाप लागेल, चक्कर येईल. भस्त्रिका, कपालभातीही सध्या बाजूला ठेवा. सुलूमावशींचा क्रम अगदी योग्य आहे.

---

कृष्णाकाठ

मान्य डॉक्टर. आकड्याकडे माझं नीट लक्ष गेलं नाही. रक्त वाढल्यावर घाला, ताई.

---

निमिष_पुणे

थोडा वेगळा सूर लावतो. योगासनांनी लवचीकपणा येतो, मन शांत होतं, सगळं खरं. पण चाळिशीनंतर स्नायू झिजायला लागतात आणि हाडंही. त्यासाठी वजन उचलायला हवं. दोन पाण्याच्या बाटल्या घेऊन सुरुवात करा, खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा करा. नुसतं प्राणायाम करून गुडघा बळकट होत नाही, मांडीचा स्नायू बळकट केला तरच होतो.

---

सुलूमावशी

निमिष, खुर्चीवरून उठणं-बसणं मीही शिकवते, त्याबद्दल वाद नाही. पण योगासनांत ताकद लागत नाही हे मला पटत नाही. वीरभद्रासनात एक मिनिट उभं राहून बघ, मांडी कशी थरथरते. तुमच्या पुण्यातच बी. के. एस. अय्यंगारांनी आयुष्य घालवलं. पट्टे, लाकडी ठोकळे, दोर, खुर्ची, लोड, सगळं वापरून आजारी आणि म्हाताऱ्या माणसांनाही नेमक्या स्थितीत उभं करायची पद्धत त्यांनी बसवली. ज्याला खाली वाकता येत नाही त्याच्या हाताखाली ठोकळा आला, की तेच आसन त्याचंही होतं.

---

निमिष_पुणे

ठोकळ्याचं मान्य. माझी आई अशाच पद्धतीच्या वर्गाला जाते. घरी तिने जुन्या जाडजूड दिवाळी अंकांचे गठ्ठे सुतळीने बांधून त्यांचे ठोकळे केलेत. तरीही आठवड्यातून दोनदा वजनं, हे माझं म्हणणं कायम.

---

अबोली_७७

या निमित्ताने सांगते, योग म्हणजे नुसती श्रद्धा असं ज्यांना वाटतं त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम या योगसंस्थेत एकदा जाऊन यावं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये ते सुरू केलं आणि त्या काळात उड्डियान, नौली करताना पोटातला दाब किती बदलतो ते उपकरणं लावून मोजलं. 'योगमीमांसा' नावाचं त्रैमासिकही त्याच वर्षी काढलं. मुंबईत सांताक्रूझची योग संस्था तर त्याच्याही आधीची, १९१८ ची. संसारी माणसाला झेपेल असा योग शिकवायचा, हा ती काढणाऱ्या श्री योगेंद्रांचा आग्रह होता. आपल्याकडे एवढं असताना लोक व्हॉट्सॅपवरच्या व्हिडिओवरून शीर्षासन शिकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

---

भाकरीचा_पापुद्रा

आता ताटाकडे वळूया.

राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशोब वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम प्रथिनं असा आहे. ६२ किलोला साधारण ५१ ग्रॅम. शाकाहारात हे जमतं का? जमतं, पण आपोआप नाही. अंदाजे मोजून बघा: दोन वाट्या घट्ट वरण १२, एक वाटी उसळ ७, पाच पोळ्या १५, पेलाभर दूध ६, वाटीभर दही ४, मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे ६. झाले ५०. आता यातली उसळ आणि शेंगदाणे काढा, वरणाचं पाणीदार फोडणीचं वरण करा, दूध चहापुरतं ठेवा. बघा किती उरतं. बहुतेक घरांत बाईच्या ताटात एवढंच असतं.

त्याच संस्थेच्या २०२४ च्या आहारसूचना सांगतात, की दिवसाच्या ऊर्जेपैकी ४५ टक्क्यांहून जास्त ऊर्जा धान्यातून नको. आपल्याकडे पोळी, भात, वर सकाळी पोहे नाहीतर उपमा. म्हणून एक पोळी कमी आणि एक वाटी उसळ जास्त, एवढाच बदल आधी करा. मटकी, मूग मोड आणून घ्या. मोड आल्यावर लोह जास्त अंगी लागतं. वर लिंबू पिळा. आपल्या ताटात वर डावीकडे लिंबाची फोड असते ती शोभेला नव्हे.

नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गाईच्या दुधात जवळपास १२० असतं. आठवड्यातून तीन वेळा नाचणीची भाकरी किंवा आंबील करा. आणि भाजी लोखंडी कढईत, विशेषतः टोमॅटो, चिंच घातलेली. फक्त झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते.

---

शाल्मली_ठाणे

दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी थोडं थोडं, यावर कोणी बोललं कसं नाही? आमच्या ऑफिसात २०१८ मध्ये दोनदाच जेवा म्हणणाऱ्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे आणि थोडं थोडं खा म्हणणाऱ्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचे असे सरळ दोन गट पडले होते. एका टेबलावर पंचावन्न मिनिटांत जेवण संपवायचं घड्याळ, दुसऱ्या टेबलावर चारच्या ठोक्याला शेंगदाणे.

---

वैद्यकीय_वही

तो वाद इथे नको. दोन वेळा जेवून बरं वाटलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत आणि थोडं थोडं खाऊन बरं वाटलेलीही. पण ज्या बाईचं रक्त ९ आहे आणि दिवस पाचच्या आत सुरू होतो, तिने जेवणं कमी करू नयेत. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलूच नयेत.

---

उकडो_तांदूळ (फोंडा, गोवा)

आमच्याकडे सकाळी दहाला पेज. उकड्या तांदळाची, शितं दिसतील अशी, सोबत सुकी भाजी नाहीतर तोरांचं (कोवळ्या कैऱ्यांचं) लोणचं. भात सालासकट उकडून मग सडतात, त्यामुळे कोंड्यातलं ब१ जीवनसत्त्व दाण्यात मुरतं आणि पॉलिश केल्यावरही बरंचसं टिकतं. माझे वडील ८१ वर्षांचे आहेत, अजून कुळागरात चालत जातात. पेज सोडली नाही आणि चालणं सोडलं नाही, एवढंच ते सांगतात.

पावसाळा तोंडावर आहे म्हणून आणखी एक. रानभाज्या सोडू नका. तायकिळा, म्हणजे तुमचा टाकळा, कोवळा असतानाच खुडायचा.

---

शाल्मली_ठाणे

अवांतर: ठाण्याच्या बाजारात जूनच्या सुरुवातीला शेवळं येतात. सोबत काकडं (ती छोटी आंबट फळं) घेतल्याशिवाय परतू नका, नाहीतर घसा खवखवतो. मी एका वर्षी विसरले, सगळं घर कोकम चाटत बसलं होतं :)

---

कृष्णाकाठ

अवांतराला जोडून: अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाण जपून ठेवलेत, त्यांना २०२० चा पद्मश्री मिळाला. घेवड्याचे, वालाचे किती प्रकार आपल्या मातीत आहेत ते त्यांचं काम पाहिल्यावर कळतं. पौष्टिक खायचं तर आधी ते पिकायला हवं.

---

पाटावरची

मूळ धाग्याकडे येते. चौथा_मजलाताई, सगळ्यांनी काय खायचं ते सांगितलं. मला एकच विचारायचंय. तुम्ही स्वतः कधी, कुठे आणि काय जेवता? ताटात काय असायला हवं ते सोडा. काल काय जेवलात ते सांगा.

---

चौथा_मजला

सगळ्यांचे आभार, रात्री बसून सगळं वाचलं.

पाटावरची, तुमचा प्रश्न वाचून फोन बाजूला ठेवला होता. लिहितेच आता.

काल सकाळी पाच वाजता चहा. सहाला पुन्हा चहा, डबे भरताना, ओट्याशी उभ्यानेच, बरोबर रात्रीची अर्धी पोळी. डब्यात तीन पोळ्या आणि फ्लॉवरची भाजी. भाजी थोडी कमी पडली म्हणून माझ्या डब्यात लोणचं टाकलं. चारला ऑफिसचा चहा, बिस्किटं. रात्री सगळ्यांना वाढून झाल्यावर साडेनऊला मी बसले. उसळ केली होती, पण माझ्यापर्यंत रस्साच उरला. कढईच्या कडेला लागलेला मसाला पोळीने पुसून घेतला आणि भात-ताक. गुरुवारी उपास असतो, त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि चहा.

कोणी मला कमी वाढत नाही. नवरा, लेक, सासूबाई सगळे चांगले आहेत. वाढणारी मीच. लिहून काढल्यावर मला कळलं, की दिवसभरात डाळ अशी पोटात गेलीच नाही.

---

पाटावरची

माझंही पंधरा वर्षं असंच चाललं होतं, म्हणून विचारलं. माझं हिमोग्लोबिन ८ वर गेलं होतं. मी एकच केलं. भाजी-उसळ झाली की वाढायच्या आधी माझी वाटी काढून झाकून ठेवायला लागले. पहिले आठ दिवस फार ओशाळल्यासारखं वाटलं, आपण आपल्याच घरात लपवून ठेवतोय असं. मग नवऱ्याने विचारलं, ही वाटी कोणाची. सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तोच आधी ती वाटी भरायला लागला.

चहा कमी करू नका हवं तर, पण जेवणापासून तासभर लांब ठेवा. आणि गुरुवारी साबुदाण्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, भगर, दही. उपास मोडत नाही.

---

डब्लिनकर

बाहेरून वाचत होतो, आज लिहायला खातं उघडलं. पाटावरचीताईंचा प्रतिसाद वाचून आईला फोन केला आणि काल काय जेवलीस ते विचारलं. "झालं की जेवण," म्हणाली. तीनदा विचारल्यावर कळलं, ताक-भात.

इकडे ऑक्टोबर ते मार्च ऊन इतकं तिरकं असतं, की त्यातून ड जीवनसत्त्व तयारच होत नाही, गोळीच घ्यावी लागते. मुंबईत ऊन असूनही कमी पडतं, कारण लोकल, ऑफिस, घर, सगळं छपराखाली. ताई, दुपारच्या सुट्टीत दहा-पंधरा मिनिटं उन्हात जाता येईल का बघा.

---

माडाखाली (रत्नागिरी)

एक कळकळीची विनंती सगळ्यांना. माझ्या सासऱ्यांना एका शिबिरात कोणीतरी सांगितलं, की रोज तासभर प्राणायाम करा, रक्तदाबाची गोळी लागणार नाही. त्यांनी कोणाला न सांगता गोळी बंद केली. विसाव्या दिवशी सकाळी तोंड वाकडं झालं, उजवा हात उचलेना. आज चार वर्षं झाली, जेवताना चमचा डाव्या हाताने धरतात. प्राणायाम ते आजही करतात, भ्रामरीने त्यांना शांत झोप लागते. पण गोळी घेऊन. औषध कमी करायचं ते डॉक्टरांनी मोजून, आपण ठरवून नाही.

---

वैद्यकीय_वही

माडाखाली, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. रक्तदाब वाढलेला असताना किंवा काचबिंदू असताना शीर्षासन, सर्वांगासनही नको. वर्गात पहिल्या दिवशी शिक्षकांना आपले आजार सांगाच. आणि शाकाहारी मंडळींनी ब१२ ही तपासून घ्या. ते वनस्पतींतून मिळत नाही, दूध-दह्यातून थोडंफार मिळतं. हातापायाला मुंग्या येणं, विसरायला होणं याकडे दुर्लक्ष करू नका.

---

सुलूमावशी

या विषयावर माझ्या वर्गात आज बोलले. सोळा बायका. प्रत्येकीला काल काय जेवलीस विचारलं. ताजी भाजी वाटीभर खाल्लेल्या पाच निघाल्या. उद्यापासून आमच्या वर्गात आसनांनंतर पाच मिनिटं हाच विषय.

आणि थोडं हसण्यासारखं: शवासनात आमच्या एक काकू रोज घोरतात. मी कधीच उठवत नाही. घरी त्यांना दुपारी पडायलासुद्धा मिळत नाही, हे मला माहीत आहे.

---

चौथा_मजला

साडेतीन महिन्यांनी धागा वर काढतेय. परवा पुन्हा रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ११.६.

वैद्यकीय_वही, तुम्ही विचारलं होतं म्हणून डॉक्टरांना पाळीबद्दल सांगितलं. सोनोग्राफीत फायब्रॉइडची लहान गाठ निघाली. औषध सुरू आहे, रक्त जाणं बरंच कमी झालंय. हे मी दोन वर्षं कोणालाच सांगितलं नव्हतं.

सकाळचा गजर तिथेच आहे. लेक आता स्वतःचा आणि बाबांचा डबा भरते, कणीक नवरा रात्रीच मळून ठेवतो. त्यातून माझी वीस मिनिटं निघाली. बाल्कनीत सतरंजी टाकते. सुलूमावशींचाच क्रम, आणि निमिषने सांगितलेलं खुर्चीवरून उठणं-बसणं. पहिल्या महिन्यात हात न टेकता तीन जमायचे, आता बारा होतात. स्टेशनचा जिना चढताना मधल्या टप्प्यावर थांबायचे, आता थांबत नाही. भिंतीला पाय लावून पडते तेव्हा समोरच्या नारळाच्या झावळ्यांत उजेड यायला लागलेला असतो. ती पाच मिनिटं मला कोणी हाक मारत नाही. सासूबाईंनीच तसं सांगून ठेवलंय.

वाटी काढून ठेवते. पहिल्या दिवशी माझाही हात थबकला होता. आता सासूबाई विचारतात, "तुझी वाटी काढलीस का?" स्टीलची, माहेरची आहे, खाली आईचं नाव कोरलेलं.

जेवताना चहा बंद, लोखंडी कढई पुन्हा काढली, गुरुवारी राजगिरा. तीन-चार सूर्यनमस्कार घालून बघू का, कृष्णाकाठ? आणि भाकरीचा_पापुद्रा, नाचणीची भाकरी थापताना कडेला तडकते आणि तव्यावर टाकताना दोन तुकडे होतात. काय चुकतंय?

---

कृष्णाकाठ

वाचून फार आनंद झाला, ताई. डॉक्टर हो म्हणाले तर घाला. तीनच, सावकाश.

---

भाकरीचा_पापुद्रा

नाचणीला चिकटपणा नसतो, म्हणून उकड काढा. जेवढं पीठ तेवढंच पाणी, चिमूटभर मीठ घालून उकळा, गॅस बंद करून पीठ घाला, उलथन्याच्या टोकाने हलवा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. मग परातीत गरम असतानाच पाण्याचा हात लावून तळहाताच्या टाचेने चांगलं मळा. एका वेळी एकाच भाकरीचा गोळा घ्या, उरलेलं पीठ झाकलेलं राहू दे. तवा चांगला तापलेला हवा, वरून पाणी फिरवलं की ते सुकायच्या आत उलटायची. उद्या करून बघा आणि इथे कळवा.